टँकमधला मासा पकडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला की मला साधारण अंदाज येतो. पलीकडे कोणीतरी कोपरापर्यंत ओल्या हातानं उभं असतं, टँकमधलं पाणी गढूळ झालेलं असतं, दोन झाडं उपटून वर तरंगत असतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो मासा ड्रिफ्टवूडच्या, म्हणजे सजावटीच्या लाकडाच्या मागून शांतपणे बघत असतो. मी घरी बरीच वर्षं गप्पी, तळाशी राहणारे कोरीडोरस आणि अधूनमधून एंजल हे मासे वाढवतोय. त्यामुळे कुठला ना कुठला मासा इकडचा तिकडे करणं हे रोजचंच काम. लोक जे जे विचारतात ते इथे लिहून ठेवलंय. तुमचा प्रश्न शोधून तेवढंच वाचलंत तरी हरकत नाही, फक्त पहिले दोन प्रश्न चुकवू नका.

मासा जाळीत येतच नाही. माझं काय चुकतंय?

तुम्ही त्याच्या मागे लागताय, हेच चुकतंय. पाण्यात वेगाच्या शर्यतीत माणूस माशाला हरवू शकत नाही, आणि त्यामागे कारण आहे. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्याची हालचाल तिला कळते. तुम्ही जाळी पुढे ढकलली की जाळीच्या पुढचं पाणी सरकतं, आणि ते सरकलेलं पाणी जाळीच्या आधी माशापाशी पोचतं. त्यात माशाच्या मेंदूत दोन मोठ्या चेतापेशी असतात, माउथनर पेशी. धोक्याची खूण मिळाली की त्या एका फटक्यात अंगाच्या एका बाजूचे सगळे स्नायू आखडतात, मासा कोयत्यासारखा वाकतो आणि सुसाट सुटतो. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास घडतं. तुमच्या मनात ‘आता!’ येईपर्यंत तो पलीकडच्या काचेपाशी असतो.

म्हणून दोन जाळ्या घ्या. मोठी जाळी टँकच्या कोपऱ्यात, दोन्ही काचांना टेकवून, अजिबात न हलवता धरा. दुसरी लहान जाळी उजव्या हातात ठेवा आणि तिनं माशाला हळूहळू त्या कोपऱ्याकडे वळवा. कबड्डीत कोपरारक्षक कसा जागचा हलत नाही, चढाईपटूलाच आपल्याकडे येऊ देतो, तसं. पकडणारी जाळी थांबलेली हवी, फिरणारी जाळी नुसती हाकणारी. बहुतेक लोक याच्या उलट करतात.

मासा आत शिरला की जाळी लगेच वर उपसू नका. आधी जाळीचं तोंड काचेवर दाबून बंद करा, मग काचेला चिकटवूनच वर सरकवा. वरच्या दोन इंचांतच सगळ्यात जास्त मासे निसटतात, कारण आपण ‘मिळाला’ म्हणून काचेवरचा दाब सोडतो.

किती वेळ प्रयत्न करायचा?

पाच मिनिटं. मग थांबा, दिवा बंद करा आणि अर्ध्या तासानं परत या.

हा आकडा माझ्या सवयीचा आहे, पण त्यामागचं कारण खरं आहे. जिवाच्या आकांतानं पळताना माशाच्या स्नायूंत आपल्यासारखंच लॅक्टेट साचतं. ते निवळायला त्याला कित्येक तास लागतात. वीस मिनिटं टँकभर पळवलेला मासा जाळीत गप्प पडला तर तो शहाणा झाला असं समजू नका, तो थकून पडलाय. असा मासा लगेच पिशवीत भरून प्रवासाला पाठवला की वाटेत मरतो, आणि दोष पिशवीला जातो.

उन्हाळ्यात आणखी जपा. पाणी तापतं तसा त्यातला ऑक्सिजन कमी होतो. 25 अंशांना लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, 32 अंशांना सव्वासातच्या आसपास. म्हणजे दम लागलेल्या माशाला श्वासही कमी. नागपूर-अकोल्याकडच्यांनी मे महिन्यात दुपारी हे काम काढूच नये. एक बारकावा: लाईव्ह प्लांटनं भरलेला टँक असेल तर भल्या पहाटेही नको, कारण रात्रभर झाडंही ऑक्सिजन घेत असतात. दिवा लागून दोन-तीन तास झाले की सुरुवात करा.

जाळी कोणती घ्यावी?

दुकानात हिरवी, जाड नायलॉनची, मोठ्या भोकांची जाळी स्वस्त मिळते. ती पाण्यातून झटकन फिरते खरी, पण माशाच्या अंगाला खरवडते. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची खरी कातडी समजा. जंतू आणि परजीवी यांना अडवायचं काम तो थर करतो. जाळीनं तो खरवडला की दोन दिवसांनी तिथेच पांढरा कापूस, म्हणजे बुरशी, उगवतो. मऊ, बारीक विणीची जाळी घ्या. ती पाण्यात जड जाते, हळू फिरते. ते चांगलंच आहे, तुम्हालाही हळू फिरावं लागतं.

आकाराबाबत कंजूषी नको. दोन इंचांच्या माशाला सहा इंचांची जाळी हवी. लहान जाळीनं मासा पकडणं म्हणजे चमच्यानं पापड तळणं. खोलीही बघा: पिशवी उथळ असली की मासा उडी मारून बाहेर. दांडा टँकच्या उंचीपेक्षा लांब असावा, नाहीतर कोपर पाण्यात जातं आणि अर्धे मासे त्या कोपरालाच घाबरतात.

वापरण्याआधी जाळी टँकच्याच पाण्यात मिनिटभर भिजवून घ्या. कोरडी जाळी सगळ्यात वाईट. रंगाबद्दल हौशी लोकांत वाद आहेत. मला गडद जाळीला मासे कमी बिचकतात असं वाटतं, पण त्यावर पैज लावणार नाही.

जाळीशिवाय पकडता येतो का?

येतो, आणि मी बहुतेक वेळा तसाच पकडतो. माझ्याकडचं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे लोणच्याचा एक जुना पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आईस्क्रीमच्या फॅमिली पॅकएवढा.

पाण्यात बुडालेलं पारदर्शक प्लास्टिक माशाला जवळजवळ दिसत नाही. डबा आडवा करून तळाशी ठेवायचा, तोंड माशाकडे. मग जाळीच्या दांड्यानं, खरं तर दांड्याच्या नुसत्या सावलीनं, मासा तिकडे वळवायचा. जाळी दिसली की तो लांब पळतो, आणि पळतो तो थेट डब्यात. आत गेल्यावरही त्याला कळत नाही. तो समोरच्या तळाला तोंड लावून पोहत राहतो. तेवढ्यात डबा उभा करायचा. मासा पाण्यासकट वर येतो, हवेचा स्पर्श नाही, पंख दुमडणं नाही, खरवडणं नाही.

घाई नसेल तर याहून सोपं आहे. चार दिवस डबा टँकमध्येच आडवा पडू द्या आणि रोजचं खाणं त्यातच टाका. पहिल्या दिवशी कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी एखादी धीट प्लॅटी शिरते. चौथ्या दिवशी डब्यात जत्रा असते आणि हवा तो मासा निवडून उचलता येतो. एंजलसारख्या लांब पंखांच्या माशांना मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं हातच लावत नाही.

टँकमधली झाडं, दगड सगळं काढावं लागेल का?

एकच मासा हवा असेल तर आधी डबा, मग बाटलीचा सापळा, मग रात्रीचा प्रयोग (दोन्ही पुढे दिलेत). हे तिन्ही फसले तरच सजावटीला हात घाला. लागवड उपटायला दहा मिनिटं लागतात आणि परत मुळं धरायला महिना.

काढायचंच ठरलं तर आधी मोठी लाकडं आणि दगड काढा, झाडं शेवटी. दगड उचलताना त्याच्या पोकळीत कोणी बसलेलं नाही ना, हे पाण्यातच हलवून बघा. त्यानंतर पाणी एक तृतीयांशापर्यंत उतरवा. उथळ पाण्यात माशाला वर-खाली पळायला जागा राहत नाही आणि काम अर्ध्यावर येतं. काढलेलं पाणी स्वच्छ बादल्यांत ठेवा, तेच परत घालायचंय.

आणि पाणी उतरवण्याआधी हीटर बंद करा. पाच मिनिटं आधी नाही, निदान पंधरा-वीस मिनिटं आधी. काचेचा तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की तडकतो, आणि तडकलेल्या हीटरच्या पाण्यात तुमचा हात असतो. फिल्टर, पंप, जे जे वायरचं आहे त्या सगळ्याचे प्लग काढून मगच हात घाला.

रात्री पकडणं सोपं असतं म्हणतात. खरं आहे का?

दिवसा वावरणाऱ्या माशांच्या बाबतीत खरं आहे. माशांना पापण्या नसतात, पण ते झोपतात. एखाद्या पानाखाली किंवा तळाशी जवळजवळ स्थिर राहतात, रंगही फिका पडतो. दिवा बंद करून तास-दीड तास जाऊ द्या. खोलीतलाही दिवा बंद. मग लहान बॅटरी बाजूनं, काचेवर तिरकी धरा आणि मासा कुठे आहे ते बघून डबा सावकाश त्याच्याखाली न्या. माशाचे डोळे उजेडाला सरावायला बराच वेळ घेतात, आपल्यासारखी बाहुली झटकन लहान होत नाही. त्यामुळे तो काही क्षण गोंधळलेला असतो, आणि तेवढेच क्षण तुमचे.

पण ट्यूबलाईट खाडकन लावू नका. अंधारातून एकदम उजेड पडला की अख्खा टँक काचांवर आपटतो. आणि लोच, सकर या तळाशी वावरणाऱ्या माशांसाठी रात्र निरुपयोगी; त्यांची ड्यूटीच तेव्हा सुरू होते.

बाटलीचा सापळा कसा करतात?

पाण्याची एक किंवा दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. खांद्यापाशी कापा, झाकण फेका, आणि कापलेला नरसाळ्यासारखा भाग उलटा करून बाटलीत बसवा, म्हणजे तोंड आतल्या बाजूला येईल. कडा मेणबत्तीवर जरा फिरवून गुळगुळीत करा, नाहीतर त्याच माशाला कापतील. तापवलेल्या सुईनं बाटलीला भरपूर भोकं पाडा. आत एक खडा आणि थोडं वासाचं खाणं टाका, गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, असतील तर उत्तम. तळाशी आडवा ठेवा.

भोकं विसरू नका आणि सापळा लावून बाहेरगावी जाऊ नका. बंद बाटलीत पाणी फिरत नाही. रात्रभर आठ-दहा मासे अडकले तर सकाळी तुम्हाला मासे मिळतील, पण जिवंत नाही. दर तासाला बघायचं, झोपण्याआधी काढून ठेवायचा.

कोरीडोरस जाळीत अडकलाय, सुटत नाही. काय करू?

ओढू नका. आधी जाळी माशासकट पाण्यात परत बुडवा आणि मग पुढचं वाचा.

कोरीडोरसच्या पाठीच्या आणि छातीच्या पंखांचा पहिला काटा कडक असतो. घाबरला की तो काटे ताठ उभे करून अडकवून टाकतो, चावी फिरवल्यासारखे. गिळणाऱ्या मोठ्या माशाच्या घशात अडकायची ही त्याची युक्ती आहे. जाळीच्या भोकातही तसाच अडकतो. काट्याला मागच्या बाजूनं बारीक दाते असतात, म्हणून मागे ओढलं की आणखी घट्ट.

माझ्याकडे एकदा ब्राँझ कोरीडोरसची मादी त्याच स्वस्त हिरव्या जाळीत अडकली होती. तिन्ही काटे जाळीतून आरपार. मी ताटात दोन बोटं टँकचं पाणी घेतलं, जाळी त्यात पसरली आणि नखं कापायच्या लहान कात्रीनं काट्याभोवतीचे धागे एकेक करून कापले. छातीच्या काट्याचा शेवटचा धागा कापताना तिनं एकदा डोळा फिरवला. कोरीडोरस तसा डोळा फिरवतात, मिचकावल्यासारखा, पण त्या वेळी मला फार ओशाळल्यासारखं झालं. चाळीस रुपयांच्या जाळीला भोक पडलं, मासा वाचला. त्या दिवसापासून कोरीडोरसला फक्त डबा.

काटा तुमच्या बोटात गेला तर ठणकतो. बोट धुवा आणि गरम पाण्यात धरा, आराम पडतो. आणखी एक: कोरीडोरस फार घाबरले की त्यांच्या अंगातून विषारी स्राव सुटतो आणि लहान पिशवीत ते स्वतःच्याच विषानं मरू शकतात. पकडल्यावर आधी मोठ्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पाणी बदला, मग पिशवीत भरा.

सकर आणि लोचसाठी काय?

सकरलाही तेच: काटे, खरबरीत अंग, आणि शिवाय काचेला किंवा लाकडाला चिकटून बसायची खोड. चिकटलेल्या सकरला ओढून काढू नका, तोंड फाटतं. डोक्याच्या बाजूनं बोट हळूच पुढे सरकवा, तो स्वतःच सोडतो. लाकडाच्या पोकळीत बसला असेल तर लाकडासकट बादलीत. तिथे रात्री तो आपोआप बाहेर येतो.

लोचच्या डोळ्याखाली लपवलेला काटा असतो, दोन्ही बाजूंना. क्लाऊन लोच जाळीत गेला की ‘टक’ असा आवाज येतो, तो काटा उघडल्याचा. आपल्याच सह्याद्रीतला झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा, याच कुळातला. 1920 साली नारायण राव यांनी त्याचं वर्णन केलं, कोल्हापूरच्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यात तो सापडतो, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. एवढ्या देखण्या माशाचा डोळा चाळीस रुपयांच्या जाळीपायी जाऊ देऊ नका. लोचना पोकळ वस्तूत लपायला आवडतं. पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा तळाशी ठेवा. दोन दिवसांत ते त्यात राहायला जातात. मग दोन्ही टोकांना तळवे लावून पाईपच उचलायचा.

कुली लोचबद्दल सल्ला एकच: वाळूत घुसला की सोडून द्या. तो टँक रिकामा केल्यावरच भेटतो.

गोल्डफिश हातानं उचलला तर चालतो का?

फॅन्सी गोल्डफिश, म्हणजे ओरांडा, रांचू वगैरे, हातानं उचलणंच बरं. ते जड असतात, जाळीत उचलले की स्वतःच्याच वजनानं दबतात आणि खवले निघतात. हात कोपरापर्यंत साध्या पाण्यानं धुवा. साबण, सॅनिटायझर, क्रीम, सकाळी डोक्याला लावलेलं तेल, काहीच नको. ओला हात पोटाखाली, दुसरा वरून नुसता आधाराला. त्याआधी वाडगा पाण्यात बुडवून त्यात घ्यायला जमलं तर हाताचीही गरज नाही.

बबल आय असेल तर जाळी घरात सुद्धा ठेवू नका. डोळ्याखालच्या त्या पिशव्या जाळीच्या एका घासण्यानं फुटतात.

फायटर मासा कशानं पकडू?

चहाचा कप. खरंच एवढंच.

अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न हलवायचाय.

दोन माणसं, मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, आणि आदल्या दिवशी उपास. पिशवी टँकमध्ये पूर्ण बुडवून, आतली हवा काढून, तोंड उघडं धरायचं आणि दुसऱ्यानं मासा हळूहळू आत हाकायचा. आत गेला की तोंड पिळून पाण्यासकट उचलायचा. वजन फार झालं तर थोडं पाणी सांडू द्या, पण माशाच्या अंगाला आधार पाण्याचाच हवा. फूट-दीड फुटाचा मासा जाळीत लोंबकळत उचलला तर मणक्याला इजा होते.

अरोवाना उडी मारतो. निसर्गात तो पाण्यावर झेपावून किडे खातो, तुमचं झाकण त्याला काय! काम चालू असताना टँकच्या उघड्या भागावर ओला टॉवेल पसरून ठेवा. फ्लॉवरहॉर्न चावतो, आणि ओळखीच्या माणसालाही चावतो.

पफर, लायनफिश?

पफरला पाण्याबाहेर काढू नका. तो पाण्याऐवजी हवा गिळून फुगतो, ती हवा त्याला बाहेर टाकता येत नाही आणि पोट वर करून तरंगत राहतो. डब्यातच, पाण्याखालीच हलवायचा. लायनफिशच्या पाठीचे काटे विषारी आहेत; नवख्यानं एकट्यानं हात घालू नये. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, हात धरून तसंच दवाखाना गाठा.

गप्पीची पिल्लं कशी काढू? जाळीतून निसटतात किंवा मरतात.

पिल्लांना जाळी लावूच नका, त्यांची अंगं अजून लोण्यासारखी असतात. देवाची पळी किंवा आमटीचा डाव घ्या. पळी पाण्याच्या पातळीला लावून जरा खाली दाबली की पाण्याबरोबर पिल्लू आपसूक आत येतं. पन्नासेक पिल्लं असतील तर सलाईनची नळी सायफनसारखी लावा, दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं ठेवा, म्हणजे पिल्लं उंचावरून आपटत नाहीत.

पोटुशी मादी, जिच्या पोटावरचा काळा डाग मोठा आणि पोट चौकोनी दिसतंय, तिला शेवटच्या आठवड्यात हलवू नका. धसक्यानं वेळेआधी पिल्लं टाकते. हलवायचीच असेल तर त्या आठवड्याच्या आधीच हलवून ठेवा.

सोसायटीच्या हौदात हिवताप विभागानं सोडलेले गप्पी पकडून आणणारी मुलं मला दर पावसाळ्यात भेटतात. पोरांनो, ते तिथे डासांच्या अळ्या खायला सोडलेत. चार आणा, सगळा हौद उपसू नका.

मासा उडी मारून फरशीवर पडला!

हात ओले करा, उचला, टँकमध्ये सोडा. धूळ चिकटली असली तरी नळाखाली धरू नका, नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. पुसू नका. पाण्यात तो एका अंगावर पडला तर एअर स्टोनच्या जवळ, बारीक जाळीच्या पाळण्यात टेकवून ठेवा आणि अर्धा तास बघा. फरशीवर पाच मिनिटं पडलेले मासे वाचलेले मी पाहिलेत, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा हवा दमट असते.

दुकानातून घेताना काय बघायचं?

मासा बघता तसं पकडणाऱ्याचा हातही बघा. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की तुमच्या गल्लीतलं दुकान, चांगला माणूस दोन जाळ्या वापरतो आणि पिशवी आधी पाण्यानं भरून उघडी ठेवतो. मी एकदा आठ निऑन टेट्रा घेतले, दुकानाचं नाव घेत नाही. पोरानं एकाच जाळीत सहा मासे गोळा केले आणि जाळी हवेत धरून रबरबँड शोधायला गेला. मी बोललो नाही, भिडेपोटी. तिसऱ्या दिवशी तीन निऑन गेले आणि उरलेल्यांतल्या दोघांची तोंडं पांढरी पडली. आता मी सरळ सांगतो: ‘भाऊ, आधी पिशवी तयार कर, मग पकड.’ कोणी रागावत नाही.

पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. खालचे दोन्ही कोपरे रबरबँडनं बांधून घ्या, नाहीतर लहान मासे त्या टोकात अडकून चिरडतात.

पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं का?

नाही. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग मासा डब्यात घ्या आणि पिशवीचं पाणी मोरीत. लांबच्या प्रवासातल्या पिशवीची तर आणखी गंमत आहे. आत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्ल होतं, त्यामुळे माशानं मुख्यतः कल्ल्यांतून टाकलेला अमोनिया कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली, हवा लागली, की पीएच चढतो, म्हणजे आम्लता उतरते, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून सहा-आठ तासांची पिशवी उघडल्यावर तासभर थेंब-थेंब करत बसू नका. तापमान आधी जुळवा, उघडली की मासा लवकर बाहेर काढा.

एकच जाळी सगळ्या टँकना चालते का?

एकाच टॉवेलनं अख्ख्या घरानं अंग पुसावं, तसं ते आहे. परजीवी ओल्या जाळीतून आरामात प्रवास करतात. प्रत्येक टँकची वेगळी जाळी, नाहीतर निदान आजारी टँकची वेगळी. वापरून झाल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात अर्धा तास बुडवा, धुवा आणि खणखणीत उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं. तेव्हा दोन जाळ्या आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण वाळायला वेळ मिळतो.

पकडलेला मासा ठेवायचा नाहीये. तलावात सोडला तर?

नको. दक्षिण अमेरिकेतला सकर असाच लोकांच्या टँकमधून आपल्या नद्या-तलावांत पोचला. तो दीड फुटांपर्यंत वाढतो, कमी ऑक्सिजनमध्ये वरची हवा गिळून जगतो, काठाला बिळं करतो, आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. तुम्हाला एक जाळी कापावी लागली तर वाईट वाटतं, त्यांचं तर पोट जाळ्यावर. मासा दुकानात परत द्या किंवा ओळखीच्या हौशी माणसाला. कोणी घेत नसेल तर मला फोन करा, रविवार सोडून.

नव्या टँकमध्ये मासा कोपऱ्यात बसलाय, रंग उडालाय.

दिवा बंद करा, चोवीस तास खाणं टाकू नका, काचेवर टकटक करू नका आणि नातवंडांनाही करू देऊ नका. बहुतेक मासे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंगात येतात. पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी पंखांकडे बारकाईनं बघा. रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो इक, म्हणजे परजीवीमुळे होणारा आजार आहे. धसक्यानं माशाची प्रतिकारशक्ती खाली आली की तो डोकं वर काढतो. ठिपके मोजत बसू नका, पहिला ठिपका दिसला त्याच दिवशी उपचार सुरू करा, आणि त्या टँकची जाळी दोरीवर वेगळी टांगा.